आवाज होता तोवर

६ फेब्रुवारी

सकाळीच पिएरेत बोनाफूस दारात. गावाच्या उत्सवाचं सगळं तीच बघते, आणि दार वाजवायची तिला सवय नाही. कोट न काढताच म्हणाली, "मारीझ, या जुलैत मठाच्या चर्चमध्ये तुम्ही दोघंच. ते बार्सेलोनाचे ढोलवाले नकोत, आगीचे खेळवालेही नकोत. तू गा, आल्बान हार्प वाजवेल. बस."

"गाऊ काय?"

"तुझ्या त्या बायका, आणखी काय!"

माझ्या त्या बायका. आठशे वर्षांपूर्वी याच मुलखातल्या छोट्या गढ्यांच्या मालकिणी. प्रियकरांना जाब विचारणारी, रुसणारी, बोचकारणारी गाणी रचून गेल्या. पुरुषांची गाणी चालींसकट उरली, शेकड्यांनी. बायकांचे शब्द तेवढे उरले. चाल उरली ती जवळपास एकाच गाण्याची. बाकीच्यांना मी त्याच मापाच्या जुन्या चाली शोधून चढवल्या आहेत. त्या काळीही लोक हेच करत. वीस वर्षं हे काम चाललंय. सगळं एका संध्याकाळी गायला कधी मिळालं नव्हतं.

आल्बानला सांगितलं तर तो हार्पच्या खुंट्या पिळत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "जुलै? त्याआधी नाही का जमणार?"

तीस वर्षं याच्याबरोबर संसार करतेय. आनंदाची बातमी द्यायची झाली तरी मला भिंतीलाच द्यावी लागते.

२ मार्च

तीन दिवस वारा पिसाळलाय. घसा खरखरतो. रोझमेरीचा काढा घेतला, मध घेतला. पण आज नवल झालं! माझ्या बायकांपैकी त्या एका रुसलेल्या बाईच्या गाण्यात वरचा एक सूर आहे, तो नाताळपासून मला छळत होता. आज असा लागला, जणू खालीच ठेवला होता, उचलून घेतला. मी आनंदानं टेबलावर थाप मारली.

"बघ! म्हातारी झाले म्हणतात मला!"

"कोण म्हणतं?" आल्बान म्हणाला.

सकाळी तो फार वेळ तारा लावत बसला होता. दमट हवेत आतड्याच्या तारा सैल पडतात म्हणे. वारा सुटल्यावर दमट हवा कुठली, मला काही कळलं नाही. पण तारांच्या बाबतीत मी त्याच्याशी वाद घालत नाही.

२३ मार्च

आल्बाननं एक मुलगी शिकायला आणलीय. क्लेलिया, बेझिए शहरातली. सव्वीसची असेल, आवाज पाण्यासारखा स्वच्छ आणि तितकाच बेचव. या गाण्यांची, म्हणजे आमची जुनी, फ्रेंचहून वेगळी भाषा ती विद्यापीठात शिकली, त्यामुळे व्याकरण माझ्याहून पक्कं आणि उच्चार पॅरिसच्या दुकानदारिणीचे. माझे बाबा ती भाषा फक्त द्राक्षमळ्यात खेचराशी आणि घरात आईशी भांडताना बोलत. पण मी तिथूनच शिकले. गावात तिला अजूनही 'पात्वा' म्हणतात, गावंढळ बोली.

"क्लेलिया, ही बाई नवऱ्याची वाट बघत नाहीये, त्याला शिव्या घालतेय. शिव्या घालता येतात तुला?"

"येतात मादाम, पण फ्रेंचमध्ये."

हसू आलं. वाईट नाही मुलगी.

नंतर अंगणात आल्बान तिच्याशी बोलत उभा होता. मी कॉफी घेऊन गेले तर दोघं गप्प. मग तो म्हणाला, "बदामाला मोहोर चांगला आलाय." बदामाचा मोहोर गळून पंधरवडा झाला.

११ एप्रिल

डॉ. सूलिएकडे गेले होते. आल्बानला सांगितलं दातासाठी जातेय. नाकातून बारीक कॅमेरा घशात घातला. डोळ्यांतून पाणी आलं, दुसरं काही नाही. मग पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. किती वर्षं त्यांच्या जिवावर जगतेय, पहिल्यांदाच बघितले. ओले, फिकट. एकावर पांढरट डाग.

"गाणाऱ्यांना असे घट्टे पडतात," मी म्हणाले.

"मी घट्टा म्हणालो नाही मादाम. तुकडा काढून तपासायला हवा."

"ऑगस्टमध्ये येते."

"ऑगस्ट फार लांब आहे."

हा सूलिए तरुण आहे आणि तरुण डॉक्टर घाबरट असतात. तुकडा काढला की महिनाभर गाता येणार नाही, आणि तालीम तर आत्ताच रंगात आलीय. संध्याकाळी आल्बाननं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" मी म्हणाले, "काही नाही, रस्त्याकडेच्या प्लेन वृक्षांच्या धुळीची अ‍ॅलर्जी." तो बरं म्हणाला आणि पाव कापत राहिला. नंतर लक्षात आलं, मी तर त्याला दाताच्या डॉक्टरकडे जातेय असं सांगितलं होतं. त्याच्या लक्षात आलं नसावं.

९ मे

पूर्वी अधूनमधून असायचा, आता प्रत्येक तालमीला मायक्रोफोन. "संग्रही असावं," म्हणतो. चुका, खोकला, माझं खेकसणं, सगळं रेकॉर्ड होतं. मी म्हणाले, "मेल्यावर ऐकत बसणार आहेस का?" तो वायर गुंडाळत राहिला. पूर्वी मी असं काही बोलले की तो दुप्पट टोचून बोलायचा. हल्ली भांडतसुद्धा नाही माणूस.

उजव्या कानात ठणका आहे, गिळताना जास्त. वारा कानात गेला असणार. हिरवा झगा कमरेला सैल झालाय, पिन लावावी लागते. या वयात हे एक चांगलं झालं.

४ जून

लिहू का नको असं झालंय. लिहितेच.

काल आल्बान तुलूझला गेला. तारा आणायला. संध्याकाळी परत आला, तारा नाहीत. "दुकान बंद होतं." इतका वेळ मग होतास कुठे? "फिरलो." तो अंघोळीला गेला तेव्हा टेबलावर त्याचा फोन वाजला. क्लेलिया.

साठीचा माणूस. पाठ वाकलेली, बोटांना घट्टे. आणि ती पाण्यासारख्या आवाजाची पोरगी. मला सगळं उमगलं. रेकॉर्डिंग कशाला, तर तिला गाणी पाठ करायला. माझी वीस वर्षं माझ्याच घरातून पिशवीत भरून चाललीत.

रडले नाही. रडलं की घसा बसतो.

१७ जून

आजच लिहून काढते.

क्लेलियाला सूर कसा धरायचा ते दाखवायचं म्हणून मी कपाटातून जुना स्वरकाटा काढला. टेबलावर आपटला, कानाशी धरला. मग आल्बानची हार्प पुढ्यात ओढून तीच तार छेडली. दोन्ही जुळेनात. पुन्हा आपटला. हार्प पुरे दोन सूर खाली लावलेली.

क्लेलिया जमिनीकडे बघत होती. तिला ठाऊक होतं.

"तू जा घरी," मी म्हणाले. ती गेली. आल्बान सरपण घेऊन आत आला, माझ्या हातात काटा बघितला आणि लाकडं तशीच हातात धरून उभा राहिला.

"केव्हापासून?"

"नाताळपासून. थोडं थोडं."

"म्हणजे तो वरचा सूर..."

"लागला होता, मारीझ. खालच्या पट्टीत लागला, पण लागला."

"माझी कीव केलीस तू! तारा दमट, हवा दमट! आणि मी मूर्खासारखी टेबलावर थापा मारत होते!"

"तू खूश होतीस. मला तेवढंच करता येत होतं."

"आणि ती पोरगी? तुलूझ?"

त्यानं लाकडं खाली ठेवली. "क्लेलियाची मावशी तिथे गळ्याची सर्जन आहे. मी तिला तुझी रेकॉर्डिंगं ऐकवायला गेलो होतो. डिसेंबरचं, मार्चचं, मेचं. ओळीनं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पेशंट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मग म्हणाली, उद्याच आणा."

मी त्याला खूप बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. तोही बोलला, बऱ्याच दिवसांनी. "सूलिएकडे गेलीस ते मला माहीत नाही वाटतं तुला? दाताच्या डॉक्टरकडे जाऊन कुणी धुळीची अ‍ॅलर्जी घेऊन येतं का गं? मी रोज वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल!"

मग दोघंही दमलो. त्यानं चूल पेटवली. जूनमध्ये.

२६ जून

तुलूझ. तुकडा काढला, निकालही आला. मावशीबाई माझ्याच वयाच्या, हात उबदार. गोल गोल बोलल्या नाहीत. कर्करोग आहे. आत्ता किरणांचे उपचार सुरू केले तर बोलता येईल, घोगरं का होईना. गाणं नाही.

"आणि नाही केले तर?"

"तर पुढे स्वरयंत्र काढावं लागेल. सगळं. किंवा तेही पुरणार नाही."

"मला एक महिना द्या. जुलैच्या शेवटी कार्यक्रम आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग आल्बानकडे. तो खिडकीबाहेर बघत होता. "महिना माझ्या हातात नाही मादाम," त्या म्हणाल्या, "तुमच्या गळ्यात जे आहे त्याच्या हातात आहे."

परतीच्या वाटेत मी आल्बानला म्हणाले, "गाणं दोन्हीकडून जाणारच आहे. मग आत्ता का सोडू?"

त्यानं सूर्यफुलांच्या शेताकडेला गाडी थांबवली. "कारण मला तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "पुढची वीस वर्षं. गाणं नको मला. तू सकाळी उठून कॉफीला नावं ठेवतेस ना, ते हवंय."

"एकच महिना," मी म्हणाले. त्यानं गाडी सुरू केली. तो मला उचलून तर नेणार नव्हता.

२८ जुलै

झालं एकदाचं.

डोंगरापलीकडे दोन दिवस रान पेटलंय. चर्चमध्ये धुराचा वास, खिडक्यांच्या काचांतून तांबडा उजेड. पिएरेत म्हणाली, रद्द करू. मी नाही म्हणाले. लोक आले. पुढच्या बाकांवर गावातले म्हातारे, हे दर वर्षी येतात कारण चर्च थंड असतं.

आल्बाननं हार्प मांडीवर घेतली. मी त्याला म्हणाले होते, पट्टी कुठली ते मला सांगू नकोस. सुरुवातीची गाणी गेली. सुंदर गेली असं नाही म्हणत, पण माझी गेली. आवाजात जी खरखर होती ती त्या बायकांना शोभली. मलाच वाटलं, त्याही अशाच गात असतील, चुलीपाशी, सर्दी झालेली असताना.

मग रुसलेल्या बाईचं गाणं. दुसऱ्या कडव्यात आवाज गेला. फाटला नाही, घसरला नाही, नुसता गेला. तोंड उघडं आणि आत काही नाही. आल्बान तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजवत माझ्यासाठी थांबला.

मी मग बोलायला लागले. कडवं नुसतं बोलले, जो काही आवाज उरला होता त्यात, बाबा खेचराशी बोलायचे त्या ढंगानं. मी तुला काय कमी केलं होतं, तुझं तोंड इतकं गोड आणि मन एवढं कडू कसं, असं काहीबाही ती विचारते. पुढच्या बाकावरचा म्हातारा कॅझाल, नव्वदीचा, शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "आत्ता कळलं ही काय म्हणतेय ते! आपलीच भाषा आहे की रे ही!"

लोक हसले. मीही हसले असते. वीस वर्षं या लोकांपुढे गातेय, आणि त्यांना शब्द पोचले ते सूर गेल्यावर.

शेवटपर्यंत बोलले. टाळ्या बराच वेळ चालल्या. आल्बान उठला नाही. बोटं तारांवरच ठेवून बसला होता.

१९ ऑगस्ट

महिना पुरला नाही. वाढ खालपर्यंत गेलीय. किरणांचा उपयोग नाही आता. स्वरयंत्र काढायचं, मानेत कायमचं भोक, त्यातून श्वास. मावशीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परतताना गाडीत मीच बोलत होते. सगळा रस्ता. द्राक्षं या वर्षी लवकर काढावी लागतील, पिएरेतच्या छपराची कौलं, काय वाट्टेल ते. बोलता येतंय तोवर बोलून घ्यावं असा सपाटा.

मी चुकले का? जुलैची ती संध्याकाळ मला कुणी परत देऊ केली आणि त्या बदल्यात बोलायचा आवाज मागितला, तर मी काय निवडेन? काल म्हणाले असते संध्याकाळ. आज दुपारी आल्बान खुर्चीत झोपला होता, तोंड उघडं, चष्मा छातीवर. त्याला नुसती "अरे" म्हणून हाक मारायची होती. तेव्हा वाटलं, नको ती संध्याकाळ.

१४ सप्टेंबर

उद्या. द्राक्षतोडणी चालू आहे, ट्रॅक्टरांचा आवाज इथवर येतो. क्लेलिया येऊन गेली. तिनं ते कडवं म्हणून दाखवलं. शिव्या आता थोड्या खऱ्या वाटतात. मी तिला म्हणाले, "अजून राग येऊ दे." ती म्हणाली, "येतोय मादाम." आणि रडली.

आल्बान आणि मी ठरवलंय. उद्या सकाळी, आत नेण्याआधी, मी त्याच्याशी शेवटचं बोलेन. काय, ते त्याला सांगितलं नाही. मलाही नीट ठाऊक नाही. गायचा मात्र प्रयत्न करणार नाही.

२ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा पेन धरवतंय. नाकातून नळी, मानेवर पट्टी. खोकला येतो तो मानेतून. आरशात बघितलं नाही.

१२ ऑक्टोबर

घरी आलो. त्या सकाळचं लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

आम्ही वेळेवर निघालो होतो, पण तुलूझच्या बाह्यवळण रस्त्यावर ट्रक उलटलेला. आल्बान स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मी म्हणाले, "डावीकडून घे." तो म्हणाला, "डावीकडे रस्ताच नाही." "आहे." "नाही गं." तेवढ्यावरून आम्ही भांडलो. खरंखुरं भांडलो. पोचलो तर वाहनतळ भरलेला. वर गेलो तर माझं विम्याचं कार्ड गाडीतच राहिलेलं. तो म्हणाला, "आलोच, थांब, मी आल्याशिवाय जाऊ नकोस," आणि धावला. साठीचा माणूस, लिफ्टची वाट न बघता जिन्यानं.

तो गेला आणि मला न्यायला आले. मी म्हणाले, माझे यजमान येताहेत. न्यायला आलेली नर्स म्हणाली, "दोनच मिनिटं थांबू हं." ती खरोखर थांबली. मग कुणीतरी आतून बोलावलं. खाटेची चाकं सुरू झाली. जिन्याच्या दाराकडे मी मान वळवून बघत होते.

आत थंडी होती. भूल देणारा दाढीवाला तरुण वाकला, माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "कवळी वगैरे आहे का, मादाम?"

मी म्हणाले, "नाही, सगळे दात माझेच आहेत."

त्यानं तोंडावर मास्क ठेवला.

एवढंच. ज्या गळ्यातून आठशे वर्षांपूर्वीच्या बायका बोलत होत्या, त्यातून शेवटी हे निघालं. दात माझेच आहेत.

१३ ऑक्टोबर

आज जेवताना आल्बाननं विचारलं. मी पातळ सूप चमच्यानं ढवळत होते. त्यानं आपल्या ताटातला पाव कुस्करला, पुन्हा गोळा केला.

"मी वर आलो तेव्हा तुला नेलं होतं," तो म्हणाला. "आत काही बोललीस का गं? शेवटी?"

टेबलावर पाटी असते आता, पुसता येते अशी. मी ती ओढली. लिहिलं, "तुझं नाव घेतलं."

त्यानं वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग ताटं उचलून तो मोरीपाशी गेला आणि भांडी घासायला लागला. दोन ताटं आणि एक पातेलं. नळ किती तरी वेळ वाहत होता.